सासरेबुवा गळ्यापर्यंत पाण्यात

आपल्याला विचारल्याशिवाय नर्मदेला पूर येणार नाही आणि आसपासच्या टेकडीवरचा एक धोंडा घसरणार नाही, असं आल्हाद देवपुजारी हा भूगर्भशास्त्रज्ञ जबलपूरभर सांगत फिरायचा! सात वर्षं उपग्रहाची चित्रं आणि उतारांचे नकाशे चाळून त्यानं एक अ‍ॅप बनवलं होतं. लोकांनी फक्त पाणी कुठवर आलंय ते भरायचं: घोटा, गुडघा, कंबर, गळा किंवा डोक्यावरून. बाकीचं गणित अ‍ॅप करणार आणि धोका दिसला की बचावाची नाव परस्पर सुटणार.

ते पाहायला भोपाळहून मोठे साहेब येणार होते. त्यांची सही झाली तर अ‍ॅप जिल्हाभर लागणार, नाहीतर सात वर्षं पाण्यात! स्वयंसेवक म्हणून आल्हादनं सासऱ्यांनाच गाठलं. विष्णुपंत खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे पक्के. त्यांनी आपल्यासारखेच अकरा मित्र जमवले. रविवारी आल्हादनं सगळ्यांना बजावलं, की उद्या बरोबर नऊला, जिथं असाल तिथून, खरं तेच भरायचं.

सोमवारी बाहेर लख्ख ऊन होतं. साहेब नियंत्रण कक्षात खुर्चीत टेकले आणि नऊ वाजून एक मिनिटानं पडद्यावर नर्मदेचा ग्वारीघाट लालभडक झाला! अकरा जण गळ्यापर्यंत, आणि सासऱ्यांचे मित्र बाबाराव तर डोक्यावरून! साहेब ताडकन उठले. आल्हादनं घाईनं सासऱ्यांना फोन लावला. फोन उचलला गेला, पण पलीकडून एक शब्द नाही, नुसता पाण्याचा आवाज. बाबारावांचंही तेच. एव्हाना नाव सुटली होती.

सासरे वाहून गेले हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? तरी त्यानं सांगितलं.

"अहो, काहून घाबरून राहिले?" यशश्री म्हणाली. "आज मौनी अमावस्या आहे. बाबा सूर्यास्तापर्यंत बोलत नाहीत. मित्रांना घेऊन नर्मदाजीत स्नानाला गेले आहेत."

अर्ध्या तासानं बचाव पथकानं केशरी जॅकेटं चढवलेले बारा म्हातारे खोलीत आणून उभे केले. सगळ्यांच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन. बाबाराव नऊच्या ठोक्याला डुबकीत होते, वर येऊन त्यांनी प्रामाणिकपणे तसंच भरलं होतं. अर्ध्या स्नानातून ओढून काढल्यामुळे विष्णुपंत भयंकर तापले होते, पण व्रत मोडायचं कसं? त्यांनी कागद मागवला, दोन ओळी खरडल्या आणि जावयाला ओलांडून थेट साहेबांना दिल्या.

"फॉर्म में स्नान लिखा ही नहीं था. झूठ कैसे भरता?"

साहेब पोट धरून हसले. मशीनं ढिगानं पाहिली, म्हणाले, पण नऊ म्हणजे नऊला खरं सांगणारी माणसं आज पहिल्यांदा पाहिली. त्यांनी तिथंच सही ठोकली. अ‍ॅप मंजूर, 'स्नान' हा पर्याय टाकायचा, जिल्ह्याचे प्रमुख श्री. विष्णुपंत, आणि त्यांच्या हाताखाली आल्हाद.

संध्याकाळी सासऱ्यांचं मौन सुटलं. अ‍ॅपमध्ये काय काय चुकलंय ते जेवण आटोपेपर्यंत सांगत होते, आणि आता साहेबच झालेल्या सासऱ्यांपुढे बोलणार कसं, म्हणून आल्हाद निमूटपणे लिहून घेत होता.