आप्पासोंनी बांधलेल्या डब्या

इंग्लंडहून आलेलं पार्सल आप्पासो चौगुल्यांनी आधी देव्हाऱ्यापुढं ठेवलं, हात जोडले आणि मगच कात्री मागवली. आत काड्यापेटीएवढ्या काळ्या डब्या निघाल्या, चांगल्या ओंजळभर. आप्पासोंची लेक सोनल तिकडं भूगोलाच्या संशोधन पद्धतींत मास्टर्स करत होती. म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की आप्पासो सांगत, "शोध कसा लावायचा, त्याचाच शोध." विचारणारा गप्प व्हायचा. आप्पासोंनाही त्यापलीकडचं फारसं ठाऊक नव्हतं. पण पंचगंगेकाठच्या त्यांच्या गावातून कोल्हापूरच्या कॉलेजात सायकलवर जाणारी आपली पोरगी परदेशात जाऊन शिकते, एवढ्यानंच त्यांचा ऊर भरून यायचा.

डब्यांचं काम सोनलनं व्हिडिओ कॉलवर समजावलं. म्हशी पाळणाऱ्या बायका दिवसभरात किती आणि कुठं कुठं चालतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. बायकांशी ती बोललेली होती, त्यांची परवानगी घेतलेली होती. आता एकेकीनं आठवडाभर डबी अंगावर बाळगायची. डबी आपोआप वाट टिपणार आणि तिकडं सोनलच्या कॉम्प्युटरवर नकाशा उमटणार.

"परीक्षेमुळं मला यायला जमंना, आप्पा. तुमीच माझे फील्ड असिस्टंट."

हे पद ऐकून आप्पासो ताठ बसले. "तू काळजीच सोड. एक डबी इकडची तिकडं हुणार न्हाई."

आणि तिथंच घोळ झाला. आप्पासोंच्या डोक्यात बायका आणि नकाशा राहिला बाजूला, डब्या तेवढ्या बसल्या. वस्तू विद्यापीठाची, परत पाठवायची. एखादी हरवली तर पोरीची तिकडं काय शोभा राहील? डब्या घ्यायला बायका घराच्या पुढच्या सोप्यात जमल्या, तेव्हा त्यांनी एकेकीला नीट न्याहाळलं. कुणालाही खिसा म्हणून नव्हता.

"कमरंला बांधतो की," शेजारची चिमणाबाई म्हणाली.

"आणि वैरण कापताना सुटून पडली म्हंजे? गेल्या महिन्यात तुझं मंगळसूत्र गोठ्यात सापडलंय." आप्पासोंनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हशीच्या गळ्यात बांधूया. आजवर गावातली एक म्हस हरवल्याली न्हाई."

त्यांची बायको रत्नाबाई चहा घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली. "अवं, नकाशा बायकांचा हाय न्हवं?"

"अगं, दिवसभर तुमी म्हशीच्याच मागं असताय. म्हस तिथं बाई. फरक कुटं पडतोय?"

"काय तरी इपरीत करू नका. पोरीला इचारा तरी."

"तिला कशाला तरास? अभ्यासात हाय ती."

संध्याकाळपर्यंत आप्पासोंनी घरोघरी जाऊन घंटेशेजारी डब्या स्वतःच्या हातानं आवळून बांधल्या. एक चिमणाबाईच्या राणीला, एक घरच्या लक्ष्मीला, अशा सगळ्या. मग चहाच्या कट्ट्यावर जाऊन, संशोधनाला सुरुवात झाल्याचं त्यांनी जाहीर केलं.

आठवडा सरला आणि सोनलचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"आप्पा, ह्या सगळ्या बायका रोज दुपारी नदीत काय करत्यात?"

आप्पासोंनी सुचलं ते सांगितलं. "धुणं."

"पात्राच्या मधोमध?"

"पाणी स्वच्छ असतंय तिथं."

"तासन् तास? जागंवरनं हलत न्हाईत त्या!"

"घाईत धुतलं तर निघत न्हाई गं मळ."

"बरं, आणि चिमणाकाकू? पहाटे ताशी तीस किलोमीटरनं पळालेल्या दिसत्यात!"

चिमणाबाईचा दीर शर्यतीची हौस म्हणून राणीला पहाटे मोटरसायकलच्या मागं पळवायचा. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. आप्पासो म्हणाले, "तिला व्यायामाची आवड हाय."

तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर निभावलं असतं. पण 'माझे फील्ड असिस्टंट' हे पोरीचे शब्द त्यांच्या कानात असे काही बसले होते, की त्या पदावरून खाली उतरायला त्यांची जीभच वळेना. सोनलनं नकाशे तिच्या मॅडमना दाखवले. मॅडम खुर्चीतून उठल्याच म्हणे. उभ्या आयुष्यात असला नकाशा पाहिला नाही म्हणाल्या. नदीत उभं राहण्याची ही जुनी रीत असणार, बायकांची मुलाखत घेऊया, आणि मग अख्ख्या विभागापुढं सोनलनं हे मांडावं, असं ठरलं.

फोन ठेवल्यावर आप्पासो जेवले नाहीत. रत्नाबाईनं ताट झाकलं आणि म्हणाली, "चारचौघांत उघडं पडलं तर खोटी माहिती दिली म्हणून पोरीला काढतील तिथनं. पदवी जाईल तिची. कळतंय का काय?"

"कळतंय की," आप्पासो म्हणाले. त्यांना खरंच कळत होतं, म्हणून तर घास उतरत नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी सोप्यात सगळ्या बायका नवी लुगडी नेसून बसल्या. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर सोनल आणि शेजारी गोऱ्यापान, पांढऱ्या केसांच्या मॅडम. सोनल इंग्रजीत भराभर बोलत होती, मध्येच तिनं कॅमेऱ्याकडं हात केला.

"आप्पा, मी मॅडमना सांगितलं, हे सगळं माझ्या वडलांमुळं झालं. त्यांच्यासारखा जबाबदार माणूस मिळाला नसता तर हे काम होणंच शक्य न्हवतं."

मॅडमनी हात जोडून नमस्कार केला. आप्पासोंना तो नमस्कार सोसवेना. ते उठून उभे राहिले.

"पोरी, थांब. ह्या बायका नदीत जात न्हाईत. डब्या म्हशींच्या गळ्यात हायत. मीच बांधल्यात."

सोनलचा चेहरा पांढरा पडला. "सगळ्या?"

"सगळ्या. हरवू नयेत म्हणून."

"अगं बाई, मी कशाला मराय पळतोय पहाटे?" चिमणाबाईनं लगेच आपली बाजू मांडली. "राणी पळती!"

सोनलनं कपाळाला हात लावला. आप्पासोंना वाटलं, आता ही फोन बंद करणार. पण तिनं मॅडमकडं वळून काहीही न लपवता सगळं सांगितलं. मॅडमचे खांदे हलायला लागले. हसू आवरल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि सोनलनं तो मराठीत केला.

"म्हशी नदीत बसत्यात, तेव्हा तुमी कुटं असताय?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. असलं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"म्हस बसती गं बाई," चिमणाबाई म्हणाली. "आमी कवा बसतोय? तेवढ्यात शेण काढायचं, वैरण आणायची, पाणी भरायचं."

मॅडमनी टेबलावर हात मारला. आता डब्या बायकांनी स्वतःच्या कमरेला बांधायच्या आणि म्हशींचे नि बायकांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं.

"मग माझी चूक?" आप्पासोंनी भीत भीत विचारलं.

"ती प्रबंधात लिहिणार, आप्पा. जशी झाली तशी. चूक लपवायची न्हाई, मांडायची, हेच तर शिकतोय मी इथं." आणि मग ती हसली. "आता एक डबी पुरुषालाही बांधायची हाय, तुलनेला. तुमीच बांधा."

आप्पासोंचे डोळे भरून आले. एवढा घोळ घालून पोरगी पुन्हा आपल्यावरच भरवसा टाकते! त्यांनी डबी सदऱ्याच्या खिशात घालून वर सेफ्टीपिन लावली आणि आठवडाभर ती छातीवर मिरवली.

पुढच्या बैठकीत पडद्यावर तीन नकाशे आले. पहिला लक्ष्मी म्हशीचा: गोठा, रान, नदी आणि परत. दुसरा रत्नाबाईचा. गोठा, आड, रान, डेअरी आणि चूल यांच्यामध्ये रेघांवर रेघा पडून घर पार काळं झालं होतं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या, आणि शुक्रवारी सगळ्या विभागापुढं हेच मांडायचं म्हणाल्या. सोनलचं काम फत्ते झालं होतं. आप्पासोंनी सुटकेचा श्वास सोडला.

तिसऱ्या नकाशात घरापासून चहाच्या कट्ट्यापर्यंत एक आखूड रेघ होती आणि कट्ट्यावर एक जाडजूड ठिपका.

मॅडमनी काळजीनं काहीतरी विचारलं.

"काय म्हंतात गं?" आप्पासोंनी विचारलं.

सोनल ओठ दाबून हसू आवरत होती. "त्या म्हंतात, तिसरं यंत्र बिघडलं होतं का?"

सोप्यात हशा पिकला. रत्नाबाईनं नकाशाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "लक्ष्मी नदीत बसती, पण दूध तरी देती."



दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन आप्पासो स्वतः डेअरीकडं निघाले. कट्ट्यावरच्या मंडळींना हे नवलच होतं.

"आप्पासो, किटली घेऊन कुटं?"

आप्पासोंनी पाय न थांबवता उत्तर दिलं, "संशोधनाला."