बाकी शून्य असल्याबद्दल खुलासा

उत्तर फार सरळ निघालं तर त्यात काहीतरी गोम असते, या भक्कम तत्त्वावर आमचं कार्यालय उभं आहे. (लिफ्ट मात्र बसली आहे.)

यंदा साहेबांनी एक कोडं काढलं: शून्य ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून जेवढ्या दहा अंकी संख्या होतात, त्यांतल्या कितींना नऊने पूर्ण भाग जातो? उदाहरणार्थ, ४८३०९५१७२६. काम नव्या प्रोग्रामरकडे आलं. सुटलं तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर नारळ.

त्याने प्रोग्राम लिहून चालवला. एकूण ३२,६५,९२० संख्या, आणि सगळ्यांना भाग गेला. तेवढ्यात साहेब खुर्चीपाशी आले.

"मग, बाकी काय?" (हे ते सगळ्यांनाच विचारतात. 'काही विशेष नाही' हे मंजूर उत्तर आहे.)

"शून्य, साहेब."

"एकाही संख्येला उरत नाही?"

"एकाही नाही."

साहेबांनी तत्काळ तिघांची समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा: या कार्यालयात शंभर टक्के यश आजवर कोणालाच मिळालेलं नाही, सबब प्रोग्राम बिघडलेला आहे.

पोरगा हिरमुसून घरी गेला. आत्या मटार सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अरे, अंक तेच, नुसत्या जागा बदलल्या. बेरीज पंचेचाळीसच येणार. तिला नऊने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो. शाळेत झोपा काढल्यास का?" त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने अर्धे मटार सोलून दिले.

दुसऱ्या दिवशी समितीने त्याच्याकडून हे शांतपणे ऐकून नोंद केली: 'आत्या या पदाला मान्यता नाही.' मग सूचना दिली की अहवाल विश्वासार्ह वाटावा म्हणून पाच टक्के संख्यांना बाकी उरवावी. किती उरवावी यावर दोन बैठका झाल्या. चार ठरली; पाच जरा उठून दिसली असती.

त्याने मान खाली घालून ती ओळ प्रोग्राममध्ये घातली. १,६३,२९६ संख्यांना बाकी उरली आणि तो कायम झाला. आत्याला त्याने अजून सांगितलेलं नाही.

समितीत सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. आत्याने एवढं समजावूनही वरची संख्या मोबाईलवर नऊने भागून पाहणाऱ्या वाचकांची सदस्य म्हणून निवड झाली आहे. ज्यांनी आत्याचं वाक्य 'असेल बुवा' म्हणून ओलांडलं, त्यांनी अध्यक्षपदासाठी रांग लावावी. बाकी काय?