प्रोफेसरांची सर्दी

"प्रोफेसरांना पुन्हा सर्दी झालीय गं," गाडीत बसता बसता सोनटक्के काका म्हणाले. चेहरा इतका काळजीचा, की मला वाटलं, आता आल्याचा काढा करायला सांगतात.

हे प्रोफेसर म्हणजे व्हिएन्नातले एक ज्यू संगीतशास्त्रज्ञ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांनी अमेरिकेत आलेल्या आपल्या शिष्याला लिहिलेली पत्रं आमच्या ॲन आर्बरच्या लायब्ररीत आहेत. काकांनी नागपुरात जन्मभर जर्मन शिकवलं. काकू गेल्यावर लेकीकडे राहायला आले आणि ती जुनी, वळणावळणाची अक्षरं लावून टाइप करायचं काम त्यांनी फुकट अंगावर घेतलं. मी तिथेच कॉम्प्युटर विभागात, त्यामुळे त्यांची सारथी मीच.

काकांचा नियम एकच. दिवसाला एक पत्र. मग परतताना बातम्या. "घरमालकाशी वाजलंय." "शिष्याला चार पानं भरून झाडलंय. खालचे सूर ऐकतच नाही लेकाचा!" गणपतीत मंडळाची आरती टिपेला पोचली, तर काकांनी भर आरतीत हात वर केला. "अरे, खालचा सूर सोडू नका! प्रोफेसर काय म्हणतील?"

"काका, चिल यार," मागून कुणीतरी म्हणालं. पण पुढचं कडवं सगळ्यांनी खालून घेतलं, आणि खरंच बरं वाटलं ऐकायला.

"काका, अहो, ते जाऊन किती वर्षं झाली!" मी एकदा म्हटलं.

"असतील. आजच्या पत्रात सायकल शिकतायत."

मग एक दिवस लायब्ररीच्या बाईंनी मला गाठलं. पेट्या स्कॅनिंगला द्यायच्यात, दिवसाला एक पत्र कसं चालेल? तुझं ऐकतील, जरा सांग त्यांना.

किती पत्रं उरलीत ते बघायला मी कॅटलॉग उघडला. त्यात प्रोफेसरांचा शेवटही लिहिलेला होता. अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही. नाझींनी त्यांना छावणीत नेलं, तिथून ते परतले नाहीत. मला रडूच आलं. त्यांच्या सर्दीपडशाची मलाही सवय झाली होती.

संध्याकाळी गाडीत मी म्हटलं, "काका, थोडं फास्ट करा ना. उरलेली भराभर वाचून टाका." बाकीचं बोलायचा धीर झाला नाही.

काका बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाले, "कॅटलॉग पाहिलास वाटतं. मी पहिल्याच दिवशी पाहिला होता."

"मग?"

"मग काय! भराभर वाचलं तर महिन्याभरात जातील ते. तुझ्या काकूच्या वेळी डॉक्टरांनी महिनाच सांगितला होता. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं गं."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना ठासून सांगितलं, ही जुनी लिपी भयंकर किचकट आहे, दिवसाला एकाहून जास्त पत्र कुणाच्या बापाला जमणार नाही. त्यांना ते पटलं.

संध्याकाळी काका गाडीत बसले.

"सर्दी कशी आहे?" मी विचारलं.

"उतरलीय," काका पट्टा लावत म्हणाले. "उद्या फिरायला जाईन म्हणतायत."