पारबताकाकूंची सेंटर

आमच्या पारबताकाकू उलट्या चालतात. स्वभावानंही थोड्या उलट्याच आहेत, पण मी पायांबद्दल सांगतोय. घरातून निघाल्या की तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे, आणि तशाच थेट एसटीच्या थांब्यापर्यंत. वाटेतली शेळी बाजूला होते, मोटारसायकलवाला ब्रेक मारतो. मी करडी गावात त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी घाबरून ओरडलो, "काकू, मागे नाली आहे." त्यांनी न बघता नाली ओलांडली आणि म्हणाल्या, "पाठीले समजते."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. उभा जन्म त्यांनी धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी केली, पुढे बायांच्या टोळीच्या मुकादम झाल्या. रोवणा करताना बाई वाकून मागे मागे सरकते. पुढे सरकली तर स्वतःच लावलेली रोपं तुडवेल. आता गुडघे दुखतात, पण उलटं चाललं की दुखत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. "समोर पाहून तं कोनीबी चालते," असं वर ऐकवतात.

दुसरं वेड रांगेचं. कुठेही वाकडी रांग दिसली की त्यांचं डोकं सटकतं. एका लग्नात त्यांनी जेवायला बसलेली अख्खी पंगत उठवून पुन्हा सरळ बसवली. पंगतीत नवरदेव होता. तोही मुकाट्यानं उठला, कारण त्याची आई काकूंच्या टोळीतली होती.

माझं काम भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवणं. गेल्या हंगामात माझी सेंटर होती रोशनी, आंबागडची. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभी राहणारी, टीममधली सगळ्यांत उंच खेळाडू. तिनं बास्केटकडे पाठ करायची, मागच्या खेळाडूला पाठीनं रेटत जागा धरायची, बॉल घ्यायचा आणि वळून टाकायचा. रोशनीची उंची अशी की वर्गाच्या दारातून ती वाकून यायची. पण खेळ म्हणाल तर बोंब. कोणीही यावं आणि तिला ढकलून जावं. सेमीफायनलला बिचारी जोर लावून मागे रेटायला गेली, तर मागची पोरगी हळूच बाजूला झाली. रोशनी पाय वर करून आडवी. सगळं मैदान हसलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. हरलो.

त्या दिवशी काकू पाण्याचा पितळी गुंड, म्हणजे हंडा, बदलायला भंडाऱ्याला आल्या होत्या आणि परतीच्या सोबतीसाठी मैदानावर येऊन बसल्या होत्या. बास्केटबॉल त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. माझं टाळकं आधीच तापलेलं, त्यात त्या म्हणाल्या, "सर, ह्या पोट्टीले मांगं चालता येत नाही."

"काकू, हे शेत नाही, मैदान आहे."

"तेच तं. शेतात असती तं केव्हाची शिकली असती."

मी रोशनीला तिथंच सांगून टाकलं, पुढच्या हंगामात तुझी जागा दुसरीला. ती बुटांच्या नाड्या सोडत बसली आणि टपटप रडत राहिली. सगळा जन्म 'खंबा' म्हणून चिडवून घेतलेल्या त्या पोरीला तिची उंची कामाची असलेली एकच जागा सापडली होती, आणि ती मी काढून घेतली. मला वाईट वाटलं, पण टीम काय वाईट वाटण्यावर चालते?

काकू तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "रोवन्याच्या वक्ताले माह्या घरी ये. महिनाभर राह्य. मंग पाहू सर तुले कसे काढते."

रोशनी खरंच आली. जंगलात कामाला जाणाऱ्या घरातली ती, धानाच्या चिखलात कधी उतरलीच नव्हती. पहिल्या दिवशी बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या चिखलात चार वेळा बसली. बाया हसून हसून बेजार. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होतो, मलाही हसू आलं. काकू मात्र हसल्या नाहीत. कंबरेत वाकलेल्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी, आणि तोंडाचा पट्टा चालू. "उंची घरी ठिवून येत जाय. बूड खाली घे. आता टाच लाव. तळ लागला का? नाही लागला तं वजन देऊ नोको. चिखल फसवते माय, केव्हाबी सरकते. आपलं वजन आपल्याच पायावर राहू दे."

हेच मी दोन वर्षं शिट्टी फुंकून इंग्रजीत सांगत होतो.

दिवसभर रोवणा आणि संध्याकाळी अंगणात दोघींची पाठीला पाठ लावून रेटारेटी. काकूंचं वजन ते काय, पण अवसान पाहण्यासारखं. रेटता रेटता एकदम बाजूला व्हायच्या आणि रोशनी तुळशीपाशी जाऊन पडायची. पंधरा दिवसांनी ती पडेनाशी झाली. महिना संपला तरी दर शनिवारी कॉलेज सुटलं की करडीची एसटी धरायची. मी तिचं नाव यादीतून खोडलं नव्हतं, हे तेवढं बरं केलं.

यंदाच्या फायनलला काकू हजर. आल्याआल्या त्यांनी आमच्या राखीव पोरी बाकावर सरळ रांगेत बसवल्या, समोरच्या टीमच्या पाण्याच्या बाटल्याही सरळ करून आल्या. समोर तीच टीम आणि तीच बाजूला होणारी हुशार पोरगी. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं मागे. बॉल रोशनीकडे आला. तिनं गुडघे वाकवले, पाठ लावली आणि एकेक पाऊल मागे सरकू लागली. मागची पोरगी झटकन बाजूला झाली.

रोशनी पडली नाही. दोन्ही पायांवर जागच्या जागी उभी होती, आणि तिच्या नि बास्केटच्या मध्ये आता कोणीच नव्हतं. वळली, हात वर केला, बॉल आत. लगेच शिट्टी झाली.

मी पन्नाशीचा माणूस खुर्चीवर चढून नाचलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पोरींनी काकूंना खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. तीसुद्धा उलटी, कारण समोर तोंड करून बसायला त्या तयार होईनात. तिथंच रोशनीची विद्यापीठाच्या टीमसाठी निवड झाली. आता सरावाला नागपूरलाच राहायचं. तिनं वाकून काकूंचे पाय धरले आणि उठेचना.

परतीच्या एसटीत मी एकटाच बोलत होतो. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"सर, पोट्टी आता नागपूरलेच राहीन ना?"

"हो काकू. सुट्टीत येईल."

"पोट्टी येईन ना. चांगलं झालं." मग माझ्याकडे न बघता, "तुमच्या टीमात अशी आनखी कोनी हाये का? लय पडनारी?"

काकूंचे मालक जाऊन कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ नाही. भिंतीला भिंत लागून राहतो, पण त्या घरात त्या बोलतात तरी कोणाशी, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आहेत ना," मी म्हणालो. "दोघी आहेत."

"मंग दोघीले धाडा. एकटीपुरता भात टाकाची सवय मोडली आता."

दुसऱ्या दिवशी सरावाला गेल्या गेल्या मी माझ्या सगळ्यांत चांगल्या दोन खेळाडूंना बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं, की तुमचा खेळ फार बिघडलाय.