मसाजची खुर्ची

प्रार्थनासभेची माणसं जिना चढू लागली, तेव्हा मधुकरराव साळवे हॉलमध्ये एका खुर्चीशी झटत होते.

खुर्ची मसाजची होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेली. काळी, ऐसपैस, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत रगडून काढणारी. ती आल्यापासून मधुकरराव सकाळी बायबल उघडायच्या आधी तिला मऊ फडक्यानं पुसत. नातवंडांना तिच्याजवळ बिस्किट खायची बंदी होती. खुद्द प्रेमिलाबाईंना तिच्यात एकदाच बसायला मिळालं होतं, तेही पाय धुऊन.

आणि गेल्या रविवारीच चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात विचारलं होतं, "देवाची जागा घेऊन बसलेलं काय काय आहे तुमच्या घरात? आज घरी गेल्यावर हॉलमध्ये नजर टाका!" 'हॉल' म्हणताना साहेबांनी आपल्याकडेच पाहिलं, असं मधुकररावांना ठाम वाटत होतं.

"बेडरूममधी ढकला ना," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"दारातून जाऊनच नाही राहिली."

"मंग घरात आली कशी?"

"गॅलरीतून. दोर बांधून."

"मंग तशीच सोडा खाली."

 मधुकररावांनी घाईघाईनं खुर्चीवर फुलाफुलांची चादर टाकली आणि दार उघडलं.

"सलाम, सलाम" करत मंडळी आत आली. पाळकसाहेब सतरंजीवर टेकले. सगळ्यात शेवटी मंडळीतल्या ज्येष्ठ एस्तेरबाई आल्या. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि थेट चादरीवर जाऊन बसल्या.

"एस्तेरबाई, इकडे या ना, पंख्याखाली," मधुकरराव कळवळून म्हणाले.

"काहून गा? मले खाली बसता येते का? गुडघे पाहा माझे!"

गाणं झालं, वचन झालं. प्रार्थनेची पाळी एस्तेरबाईंची आली. सगळ्यांनी डोळे मिटले. "हे दयाळू बापा," त्यांनी सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांचा आवाज थरथरू लागला. "तुझ्या ले-ले-लेकरांवर कृ-कृ-कृपा कर..."

"आमेन!" कुणीतरी भारावून म्हणालं.

मधुकररावांनी एक डोळा उघडला. चादरीखालून बारीक घरघर येत होती. एस्तेरबाई गदागदा हलत होत्या आणि त्यांचे पाय हळूहळू वर उचलले जात होते.

"हालेलुया!" दोन बायका रडायला लागल्या.

काय करावं? बोलावं, तर खुर्ची उघडी पडते. गप्प राहावं, तर देवाच्या नावानं बनवाबनवी होते.  बटण खुर्चीमागं भिंतीवर होतं. मधुकरराव गुडघ्यांवर आले आणि माणसांमधून वाट काढत रांगू लागले. त्यांना रांगताना पाहून शेजारच्या दिपालीलाही राहवलं नाही. तिनं गुडघे टेकले. मग तिच्या नवऱ्यानं. बघता बघता अख्खी मंडळी गुडघ्यांवर आली आणि पाळकसाहेबांनीही गुडघे टेकले.

मधुकररावांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. घरघर थांबली. एस्तेरबाईंचे पाय अधांतरीच राहिले.

"साहेब," मधुकरराव तिथूनच म्हणाले, "हा पवित्र आत्मा नाही. ही माझी खुर्ची आहे." त्यांनी चादर ओढायचा प्रयत्न केला, पण एस्तेरबाई तिच्यावर बसलेल्या होत्या. "तुम्ही रविवारी बोलले ना, तेच हे. मी हिच्यात माझ्या बायकोलेही बसू देत नाही."

 प्रेमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, कळेना.

"मंग बंद काहून केली?" वरून एस्तेरबाईंचा आवाज आला.

"बाई, तुमाले माहीत होतं?" मधुकररावांनी विचारलं.

"न माहीत असायले काय झालं? चादरीखाली रिमोट हाताले लागला, तो मीच तर दाबला. नातीनं एअरपोर्टवर असल्याच खुर्चीत बसवलं होतं मले, पण तिच्या विमानाची घाई. तवापासून मन भरलं नव्हतं."

"पण बाई, प्रार्थना चालू असताना?" पाळकसाहेब म्हणाले.

"प्रार्थना खरीच होती, साहेब. अन् आरामही खराच होता. आता पाय खाली करता का कोणी?"

दिपाली फिस्सकन हसली आणि मग कुणालाच आवरेना. मधुकररावांनी स्वतःच बटण चालू करून एस्तेरबाईंना खाली आणलं, चादर काढून घडी केली, आणि प्रेमिलाबाईंचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्यांना हलकं वाटलं. मग दिपाली बसली, दिपालीचा नवरा बसला. चहा बशांमध्ये गार झाला.

निघायची वेळ झाली. शेवटचा आशीर्वाद पाळकसाहेब नेहमी उभं राहून, दोन्ही हात उंचावून देतात. त्या दिवशी मात्र "जरा पाठ धरली आहे" म्हणत त्यांनी तो बसून दिला, आणि त्यातला शब्दन्शब्द थरथरत होता.