वळायचं ते पावलासकट

गद्रे मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांची नजर सरळ गुडघ्यावर जायची. डोंबिवलीत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात ते राहायचे आणि शाळेत ड्रिल शिकवायचे. रस्त्यात भेटले की "कसं काय" नाही, "बरं आहे ना" नाही. "काय, उजवा काय म्हणतो?" असा एकदम प्रश्न. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या उजवीकडे कोणी उभं आहे. तो वळून बघायचा आणि तिथेच सापडायचा.

"पाय जागेवर ठेवून वळलात," मास्तर म्हणायचे. "वळायचं ते पावलासकट. पाऊल कल्याणकडे आणि तोंड ठाण्याकडे, मग मधल्या गुडघ्यानं करायचं काय? ती बिजागरी आहे, भोवरा नव्हे."

हे ते कुठेही सुनवायचे. गणपतीत आरती संपताना सगळी आळी स्वतःभोवती गिरकी घ्यायची, तेव्हा टाळांच्या वरताण मास्तरांचा आवाज यायचा, "पावलासकट!" भटजींना त्यांनी पूजेच्या मधोमध मांडी बदलायला लावली होती. पंगतीतून उठताना कोण हात टेकतो आणि कोण नुसत्या गुडघ्यांवर भार देतो, ते बघून ते त्याच्या म्हातारपणाचं भविष्य सांगायचे. जेवण झाल्याबरोबर असलं भविष्य कोणालाच नको असतं.

"मांड्या कमावा, गुडघे आपोआप टिकतील," हे त्यांचं दुसरं पालुपद. त्यासाठी भिंतीला पाठ लावून, खाली खुर्ची असल्यासारखं अधांतरी बसायला त्यांनी आमच्या वडिलांना शिकवलं होतं. वडील तसे बसलेले असताना एकदा दूधवाला आला. तो काही न बोलता दूध ओतून गेला.

मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. घरात थोरली बहीण होती, तिला सगळे ताई म्हणत. ताई दिवसभर खिडकीपाशी एका उंच खुर्चीत बसलेल्या असायच्या. कोणी आलं तरी उठायच्या नाहीत, कोणाकडे हळदीकुंकवाला जायच्या नाहीत. आळीतल्या बायका त्यांना शिष्ट म्हणायच्या, आणि आमची आई त्यात पुढे होती.

माझी धाकटी बहीण मालू खो-खो खेळायची. ठाकुर्लीच्या मैदानावर एका सामन्यात खांबाला वळसा घालताना तिचं पाऊल मातीत रुतलं आणि अंग तेवढं फिरलं. गुडघा नारळाएवढा सुजला. मास्तर तिला टांग्यात घालून घरी घेऊन आले. आई शेकायला वीट तापवत होती, ती त्यांनी चुलीतून बाहेर ओढली.

"सूज आहे तोवर शेक नाही आणि चोळणं तर नाहीच. गार पाण्याची पट्टी, पाय उशीवर. महिनाभर वाकायचं नाही, मांडी घालायची नाही." डॉक्टरांनीही पाय तपासून तेच सांगितलं.

पण पुढच्याच रविवारी मालूला बघायला ठाण्याची मंडळी यायची होती. स्थळ चांगलं होतं, आईनं फार दिवस मागे लागून जुळवत आणलेलं. मुलगी लंगडते असा बोभाटा झाला असता तर हे स्थळ गेलंच असतं आणि पुढचंही कोणी फिरकलं नसतं. आईनं ठरवलं, गुडघा साडीखाली झाकायचा, सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा, आणि रडायचं ते मंडळी गेल्यावर रडायचं.

"आणि मास्तरांना यातलं काही कळता कामा नये," आई म्हणाली. दोन बिऱ्हाडांमधली भिंत अर्ध्या विटेची होती.

रविवारी मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आत्याबाई. मालूनं पोह्यांच्या बशा दिल्या. आई म्हणाली, "नमस्कार कर गं सगळ्यांना." मालू ओठ आवळून वाकणार, तोच दारात मास्तर. हातात ताईंची खुर्ची.

"ती वाकणार नाही," ते म्हणाले. "बस गं हिच्यात."

खोलीत कोणी पोहे चावेना.

"मुलीचा गुडघा दुखावलाय. खेळताना." मास्तरांचा आवाज कापत होता. "जपलात तर बरा होईल. आज पाया पडायला लावलंत तर जन्माचा जाईल. आता तुम्ही ठरवा."

आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली, पावलासकट. मुलाचे वडील नुसते खाकरले. बोलल्या त्या आत्याबाई.

"बरा होतो म्हणता, मग माझा का होत नाही हो?"

मास्तरांची नजर खाली गेली. "डावा. जिना चढता?"

"दोन जिने. पाणीसुद्धा खालून आणायचं."

थोड्या वेळानं आमच्या खोलीचा आखाडा झाला होता. आत्याबाई आमच्या खुर्चीत बसून पाय सरळ उचलत होत्या, मुलाचे वडील भिंतीला पाठ लावून अधांतरी होते आणि मास्तर ड्रिलच्या आवाजात आकडे म्हणत होते. मुलगा तेवढा मालूकडे बघत होता.

"बरा झाला की परत खेळणार ना?" त्यानं विचारलं. ते ऐकून आईनं तोंडावरचा पदर काढला.

होकार आला. आईनं मला पेढे घेऊन शेजारी पाठवलं. मास्तर बाहेर गेले होते.

"ताई, त्या दिवशी खुर्ची आमच्याकडे, मग तुम्ही कुठे बसलात?"

"उभी होते, भिंतीला कान लावून. मीच दामूला म्हटलं, खुर्ची घेऊन जा." मग त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला बघायला आले तेव्हा माझाही असाच सुजला होता रे. चिंचेवरून उडी मारली होती. आईनं लुगड्याखाली झाकला आणि सगळ्यांना वाकायला लावलं. दामू एवढासा होता. ताईला दुखतंय म्हणून ओरडला, तर बाबांनी त्याला ओसरीवर नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. पुढे सासरी मला चुलीपुढे बसता येईना. वर्षाच्या आत माहेरी पाठवली."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तेव्हा त्याला बोलू दिलं नाही. ते तो अजून सगळ्या गावाला सांगत फिरतो."

मला आईच्या तोंडचा 'शिष्ट' शब्द आठवला आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मास्तर आले. आधी माझे गुडघे बघून "ठीक" म्हणाले, पहिला पेढा ताईंच्या हातावर ठेवला आणि खाली बसून ताईंचा पाय आपल्या मांडीवर घेतला. हे रोजचंच असावं, दोघांनाही माझा संकोच वाटला नाही. ताई पाय इंचभर सरळ करायच्या आणि मास्तर मोजायचे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा तो आवाज मला शेजारी उभा असूनही जेमतेम ऐकू येत होता.

"हळू मोज रे दामू," ताई म्हणाल्या.

"हळूच मोजतोय गं," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.