कोटाचे पाच ढीग

मुलाखतीच्या दिवशी सकाळी कोटाला जरा हवा लागावी म्हणून मी तो दाराबाहेरच्या कडीला टांगला. एवढंच.

कोट साधा नव्हता. परदेशात शिकताना रस्त्यात सापडलेल्या वस्तू मी त्यावर टाचत गेलो होतो. सायकलची घंटा, दार हरवलेली किल्ली, चष्म्याची एकुलती काडी, बुद्धिबळातला लाकडी घोडा. टाकलेल्या वस्तूंनाही काही सांगायचं असतं, असं माझं ठाम मत आहे. (ते मी न विचारता सांगतो.) चार वाजता कलाशाळेत शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखत होती. हा कोट म्हणजेच माझी पदवी!

आंघोळ करून येतो तर कडी मोकळी.

"आई, माझा कोट?"

"भंगारवाल्या मावशी घेऊन गेल्या. आपल्याकडे बाहेरच्या कडीला टांगलं की ते भंगार. विसरलास?"

"अगं, ते माझं व्यक्तिमत्त्व होतं!"

"मग घरात टांगायचंस! मला वाटलं, सुधारलास. आनंदाच्या भरात दोन बादल्याही दिल्या वर."

धावत दुकान गाठलं. मावशींचं काम चोख. लोखंड, पितळ, प्लास्टिक, लाकूड, कापड. पाच वर्षं घडवलेला मी पाच ढिगांत पडलो होतो.

मी तिथेच बसकण मारली. मावशींना दया आली.

"रडू नको रे, सोन्या. सुईदोरा आहे माझ्याकडे. पण आधीसारखं नाही हं लावणार. सगळं छातीवर कोंबलं होतंस. तोल नको का काही?"

जड खाली, हलकं वर. घंटा मनगटापाशी. घोडा खांद्यावर, खाली बघणारा.

मुलाखतीत तिघेही परीक्षक खुर्चीतून उठले. मोठ्या बाईंनी तर घंटा वाजवून पाहिली.

"काय तोल साधलाय! तुम्हीच केलात?"

'हो' जिभेवर आलं होतं. पण सत्यावाचून कला नाही, हेही माझंच मत. (फार मतं असली की असं होतं.)

"नाही. आमच्या भंगारवाल्या मावशींनी."

"मग त्यांना सोमवारपासून पाठवा."

मावशी आता रोज दुपारी कलाशाळेत शिकवतात. तेवढा वेळ दुकान मी बघतो. पितळ आणि रंगवलेलं लोखंड यांत अजून गफलत होते.

शेजारणीने विचारलं की आई सांगते, "लागली हो नोकरी. फक्त मावशींनी अजून पर्मनंट केलेलं नाही."